हरवलेली पाने : रॉक बँड, वाद्यवृंद आणि ठाकूरद्वारचा शेजार

१/२२
आजचा धागा कागदांच्या एका गठ्ठ्यापासून सुरू होतो. वाद्यवृंदासाठी लिहिलेली एका इंग्लिश रॉक बँडची मूळ स्वरलिपी १९७० साली हरवली. ती पुन्हा उभी राहण्यास एकोणतीस वर्षे लागली. पण ती उभी राहिली, वाजली आणि ती उभी करणाऱ्याचे नाव संगीताच्या इतिहासात नोंदले गेले. त्याच काळात मुंबईत असेच कागद रोज लिहिले जात होते आणि काम संपताच निरुपयोगी ठरत होते. ते लिहिणाऱ्यांपैकी अनेकांचा वावर ठाकूरद्वारपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या धोबीतलावात होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे, हा आजचा विषय.

२/२२
आधी मूळ कल्पना समजून घेऊ. रॉक बँड म्हणजे साधारणतः चार-पाच जण : गिटार, बेस गिटार, ड्रम, कीबोर्ड आणि गायक. त्यांची गाणी बहुधा कागदावर नसतात; ती तालमीत एकमेकांचे ऐकून घडतात आणि हातांच्या सवयीत राहतात. सिम्फनी वाद्यवृंदाचा कारभार याच्या उलट. तेथे सत्तर-ऐंशी वादक बसतात आणि प्रत्येकापुढे त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले पान असते. म्हणून एखाद्या बँडला आपली जुनी गाणी वाद्यवृंदासह पुन्हा ध्वनिमुद्रित करायची असतील, तर काम सुरू होते ते लेखनापासून. कोणीतरी बसून ते गाणे ऐंशी माणसांसाठी नव्याने लिहावे लागते. हे काम करणारा तो अरेंजर. मराठीत त्याला संगीत संयोजक म्हणतात.

३/२२
रॉक आणि वाद्यवृंद यांच्या भेटीचा आरंभीचा गाजलेला प्रयोग 'डीप पर्पल' या बँडचा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा बँड रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह रंगमंचावर आला. बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याने त्यासाठी 'कॉन्चेर्तो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' ही तीन भागांची रचना लिहिली होती. संचालक होते इंग्लिश संगीतकार माल्कम आर्नल्ड. तालमीत काही अभिजात वादकांनी या लांब केसांच्या पोरांकडे पाहून नाके मुरडली आणि आर्नल्ड यांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली, ही हकीकत बँडच्या मंडळींनी पुढे अनेकदा सांगितली. त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका निघाली आणि प्रयोगाचा बोलबाला झाला.

४/२२
पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, हीच रचना अमेरिकेत हॉलीवूड बोल येथे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह सादर झाली. त्यानंतर स्वरलिपी हरवली. कोठे, कशी, हे कळलेच नाही. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. रचना 'नष्ट' झाली नव्हती. तिची ध्वनिमुद्रिका जगभर विकली जात होती, कोणीही ती ऐकू शकत होता. तरीही ती पुन्हा वाजवणे अशक्य झाले. ऐकणाऱ्याला संपूर्ण वाद्यमेळ एकत्र ऐकू येतो. दुसऱ्या ओळीतील व्हायोलाने नेमके काय वाजवायचे, हे मात्र पानच सांगते. पान गेले की गाणे ऐकण्यापुरते उरते, वाजवण्यापुरते उरत नाही.

५/२२
पुढे मार्को द गुय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत पुनःपुन्हा ऐकून-पाहून ती रचना एकेका वाद्यागणिक उतरवून काढली आणि आपले काम थेट जॉन लॉर्डपुढे ठेवले. जेथे कान पुरला नाही तेथे लॉर्डने आणि संचालक पॉल मान यांनी भर घातली. २५ आणि २६ सप्टेंबर १९९९ रोजी, म्हणजे पहिल्या प्रयोगाला तीस वर्षे होत असताना, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती पुन्हा वाजवली. त्याच कार्यक्रमात बँडची इतर जुनी गाणीही मोठ्या वाद्यमेळासह नव्या रूपात आली आणि ध्वनिमुद्रिकेवर उतरली.

६/२२
त्याच वर्षी एप्रिलमध्ये, २१ आणि २२ तारखेला, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'मेटॅलिका'ने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसह आपली गाणी सादर केली. त्यांतील कितीतरी गाणी १९८० च्या दशकातील, म्हणजे श्रोत्यांना तोंडपाठ. वाद्यवृंदासाठी लेखन आणि संचालन दोन्ही मायकेल कामेन यांचे. १९९१ साली बँडच्या एका गाण्याचा वाद्यमेळ त्यांनीच लिहिला होता. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेवर कामेन यांचे नाव ठळकपणे आले. २०१९ च्या सप्टेंबरात बँड आणि सिम्फनी पुन्हा एकत्र आले, तेव्हा कामेन हयात नव्हते. २००३ साली त्यांचे निधन झाले होते. तथापि त्यांनी लिहिलेली पाने होती, आणि नव्या कार्यक्रमाला त्यांचा आधार घेता आला.

७/२२
या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट हाती लागते. जुन्या गाण्याला वाद्यवृंदाचा नवा देह मिळतो, तेव्हा गायक आणि वादक आपल्याला दिसतात. तो देह घडवणारा मात्र टेबलाशी बसून लिहिणारा असतो. पाश्चात्त्य व्यवहारात त्याचे नाव छापले जाते, त्याचे कागद ग्रंथालयात किंवा प्रकाशकाकडे जपले जातात, आणि एखादा गठ्ठा हरवला तर ती बातमी होते. आता हाच प्रश्न घेऊन मुंबईत येऊ. कारण मुंबईने वाद्यवृंदासाठी जेवढे लिहिले, तेवढे आशियातील फार थोड्या शहरांनी लिहिले असेल.

८/२२
नकाशा डोळ्यांपुढे आणा. ठाकूरद्वारचा नाका मध्यभागी धरला, तर एका अंगाला गिरगावच्या चाळी, केळेवाडीतील साहित्य संघ मंदिर आणि पुढे ऑपेरा हाऊस. जवळच खोताची वाडी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरे असलेली. दक्षिणेला चिराबाजार ओलांडला की कॅव्हेल आणि धोबीतलाव : चर्च, इराणी हॉटेले, वाद्यांची दुकाने आणि गोव्याहून आलेल्यांचे क्लब, म्हणजेच 'कूड'. गावागावाच्या नावाने चालणाऱ्या या कूडांत खलाशी, आचारी आणि वादक स्वस्तात मुक्काम करीत. ट्रंक भिंतीशी, पथारी जमिनीवर आणि व्हायोलिनची पेटी उशाशी.

९/२२
या एका किलोमीटरच्या आतबाहेर संगीत लिहिण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. पहिली आपली. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरात स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ साली मुंबईत आणले, पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी याच शहरात राहून बंदिशींचे प्रचंड संकलन स्वरलिपीत बांधले. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' सुरू केले. ऑपेरा हाऊसजवळच्या या शाळेत कुमार गंधर्व घडले. देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. भिंत पलीकडूनही ओलांडली जात होती आणि अलीकडूनही.

१०/२२
दुसरी परंपरा गोव्याची. पोर्तुगीज अमलात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाच रेघांवरील स्वरलेखन, सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू चर्चमधील गायन-वादनाचा. पण त्यातून पिढ्यान्पिढ्या पाहताक्षणी संगीत वाचणारे लोक तयार झाले. आपली सा-रे-ग-म स्वरलिपी एका सुरेल ओळीची नोंद उत्तम करते, कारण आपल्या संगीताचा प्राणच ती एक ओळ आहे. चार निरनिराळ्या ओळी एकाच क्षणी कशा चालतात, हे एका नजरेत दाखवण्यासाठी पाच रेघांची लिपी अधिक सोयीची. मोठा वाद्यमेळ लिहायचा झाला, की धोबीतलावची गरज भासे ती या कारणाने.

११/२२
मुंबईत पूर्ण सिम्फनी उभी करण्याचा मोठा प्रयत्न मेहली मेहता यांचा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, नौदलाच्या बँडमधील वादकही होते. याच घरात १९३६ साली जन्मलेले झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले आणि १९६२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले. डीप पर्पलने १९७० साली ज्यांच्याबरोबर वाजवले ते हेच वादक, जरी त्या रात्री संचालन दुसऱ्याचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र फ्रँक झापाच्या रॉक बँडसह याच वाद्यवृंदाचे संचालन खुद्द झुबिन मेहतांनी केले. रॉक आणि सिम्फनी यांच्या भेटीच्या आरंभकाळातच एक मुंबईकर मध्यभागी उभा होता.

१२/२२
मुंबईत राहिलेल्या वादकांना सिम्फनीवर पोट भरणे शक्य नव्हते. ते रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत, रविवारी चर्चमध्ये, आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. प्रिन्सेस स्ट्रीटवरील, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावरील, 'आल्फ्रेड्स' हे रेस्टॉरंट त्यांचा अड्डा होता. कोणत्या स्टुडिओत उद्या किती व्हायोलिने हवीत, याची खबर तेथे मिळे. गिरणगावात कामगारांचे नाके असत, तसाच हा वादकांचा नाका. ताडदेवचे स्टुडिओ तेथून फार दूर नव्हते.

१३/२२
गाणे कसे घडे, ते टप्प्याटप्प्याने पाहू. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी आणि गाऊन दाखवी. साहाय्यक ती उतरवून घेई. मराठी वादक-संयोजक बहुधा देवनागरी सरगमात, गोव्याचे संयोजक पाच रेघांवर. मग संयोजक सुरुवातीचा तुकडा, दोन कडव्यांमधील वाद्यमेळ आणि गायिकेच्या सुरामागून वाहणारी दुसरी सुरावट लिही. प्रत्येक वाद्याची प्रत वेगळी उतरवली जाई. तालीम होई, आणि गायक व सर्व वादक एकाच वेळी वाजवून गाणे मुद्रित करीत. कोणी एक चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. साडेतीन मिनिटांच्या तबकडीसाठी अख्खा दिवस आणि कागदांचा जाडजूड गठ्ठा खर्ची पडे.

१४/२२
या लेखकांपैकी काही नावे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक हवीत. चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ) हे ट्रम्पेटवादक. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या चालींना स्विंगचा जो झटका आहे, त्यामागे त्यांचा हात आहे. सेबास्टियन डिसूझा (१९०६–१९९८) फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत; मुंबईत आल्यावर ओ. पी. नय्यर आणि त्याहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. केरसी लॉर्ड, फ्रँक फर्नांड यांची नावेही याच पंक्तीतील. मराठी भावगीतांच्या बाजूला व्हायोलिनवादक प्रभाकर जोग आणि अनिल मोहिले यांचे संयोजन रसिकांच्या कानांत आजही आहे. तबकडीच्या गोल लेबलावर मात्र चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार एवढ्यांनाच जागा असे.

१५/२२
आता या गोष्टीतील मुख्य माणूस. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गोव्यातील माजोर्डा गावचा. १९४० च्या दशकात ते मुंबईत आले आणि व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून चित्रसृष्टीत मानाच्या जागी पोहोचले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मुंबईत त्यांना हिंदुस्थानी रागसंगीताचा लळा लागला. राग एका सुरावटीत फुलतो, सिम्फनी अनेक सुरावटींच्या गुंफणीत. रागाचे नियम न मोडता ही गुंफण करता येईल का, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. चित्रपटाच्या दोन कडव्यांमधील वीस सेकंदांत त्याचे उत्तर मावणारे नव्हते.

१६/२२
एप्रिल १९५८. स्थळ : धोबीतलावजवळील सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रांगण. गोन्साल्विस यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' या नावाने शंभरावर वादक उभे केले आणि रागांवर आधारित स्वतःच्या रचना सादर केल्या. गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. तारीख नीट पाहा : डीप पर्पलच्या अल्बर्ट हॉलमधील रात्रीच्या अकरा वर्षे आधी, ठाकूरद्वारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लोकप्रिय आवाज आणि पूर्ण वाद्यवृंद यांची गाठ घालून दिली जात होती. लंडनमध्ये जसे दोन समाज एकमेकांकडे साशंकतेने पाहत होते, तसे येथे नव्हते. येथे सारंगी, सतार आणि व्हायोलिन वाजवणारे रोजच एका स्टुडिओत शेजारी बसत.

१७/२२
पण हा वाद्यवृंद संस्था म्हणून टिकला नाही. त्याला पाठबळ देणारे रेडिओ केंद्र, नगरपालिका किंवा विद्यापीठ मिळाले नाही, आणि वादकांना दुसऱ्या दिवशी स्टुडिओ गाठायचा होता. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रसृष्टीपासून दूर माजोर्ड्यात स्थिरावले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांनी गुरूला अभिवादन म्हणून त्यांचे नाव गाण्यात गुंफले. नाव देशभर दुमदुमले. ज्याचे ते होते तो माणूस कोण, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांची कहाणी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली.

१८/२२
अल्बर्ट हॉलकडे पुन्हा वळू. १९७४ साली लता मंगेशकर यांनी तेथे गायन केले आणि साथीला लंडनचा रेन ऑर्केस्ट्रा होता. 'मधुमती' (१९५८) सारख्या चित्रपटांतील जुनी गाणी तेथे इंग्लिश वादकांनी वाजवली आणि कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. जुनी गाणी वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित होण्याचे आपल्याकडील हे ठळक उदाहरण. मुंबईच्या वादकाला अर्धे गाणे कानाने माहीत असे. लंडनच्या वादकाला चाल नवी, भाषा नवी, गायिकाही नवी. त्याच्यापुढे बिनचूक लिहिलेली पाने ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६९, १९७४, १९९९ : एकाच सभागृहातील तीन संध्याकाळी, आणि तिन्हींचा भार कागदावर.

१९/२२
मग मुंबईची पाने गेली कोठे? यात कोणा एकाचा दुष्टावा शोधणे योग्य नव्हे. निर्मात्याच्या दृष्टीने विकायची वस्तू होती तबकडी आणि चित्रफीत. पाने हे तिचे अवजार, इमारत उभी राहिल्यावर उतरवायच्या परातीसारखे. गाणे पुन्हा रंगमंचावर पूर्ण वाद्यमेळासह होईल, याची कल्पना नव्हती. वादकाला दिवसाचे पैसे मिळत आणि पाने स्टुडिओतच राहत. मुंबईचा दमट पाऊस, जागेची टंचाई आणि रद्दीवाला यांनी उरलेले काम केले. न्यूझीलंडमधील अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांवर 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला, तो मुख्यतः मुलाखतींच्या आधारे. माणसे बोलत होती म्हणून इतिहास लिहिता आला.

२०/२२
कायद्याची बाजूही पाहावी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते स्वरलिपीत नोंदवलेले असो वा नसो. आपल्या मौखिक परंपरेला हे न्याय्यच आहे. वाद्यमेळाची मांडणी मात्र मूळ कृतीचे 'रूपांतर' या सदरात मोडते. परिणाम असा, की ज्याने लिहिले नाही त्याचा हक्क स्पष्ट झाला आणि ज्याने लिहिले तो धूसर राहिला. १९८० च्या दशकात कॅसेट कंपन्यांनी जुनी गाणी नव्या गायकांकडून पुन्हा मुद्रित केली, तीही याच कायद्यातील सवलतीच्या आधारे. पाने नसताना तो जुना वाद्यमेळ पुन्हा हवा असेल, तर तबकडी ऐकून उतरवून घेण्याचाच मार्ग होता : मार्को द गुय यांचेच काम, फक्त कोणी नाव न विचारलेले.

२१/२२
त्याच दशकात सिंथेसायझर आणि अनेक ट्रॅकवरील मुद्रण आले, आणि पन्नास व्हायोलिनांची गरज ओसरली. योगायोग असा, की तेव्हाच झेवियर्सच्या शेजारचे रंगभवन तरुणांचे रॉक-मंदिर बनत होते. १९७८ साली तेथे पहिली जॅझ यात्रा झाली होती. पुढे 'इंडिपेंडन्स रॉक'ने ते दणाणले, आणि अखेर शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते संगीताला बंद झाले. एका पिढीचे वाद्यवृंद-लेखन ज्या गल्लीतून ओसरले, त्याच गल्लीत दुसऱ्या पिढीच्या गिटारी वाजल्या. दोघांची गाठ मात्र पडली नाही. २०१६ साली अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी वाद्यवृंद मुद्रित केला तो हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. त्यांच्या यशाचा अभिमान बाळगावा; धोबीतलावातून लॉस एंजेलिसला जाण्याची वेळ का आली, हेही विचारावे.

२२/२२
लंडनचा गठ्ठा परत आला, कारण तो हरवल्याचे कोणाला तरी ठाऊक होते. आपल्याकडे नोंदच नसल्यामुळे शोधही नाही. म्हणून एक विनंती. गिरगाव, कॅव्हेल, धोबीतलाव, माहीम, वांद्रे येथील जुन्या घरांत, एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत किंवा व्हायोलिनच्या पेटीच्या खणात, पाच रेघांचे पिवळे पडलेले कागद किंवा सरगमच्या वह्या सापडू शकतात. वरच्या कोपऱ्यात वाद्याचे नाव असते, क्वचित चित्रपटाचे. ते रद्दीत देऊ नका. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, त्यांचा क्रम मोडू नका, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पान कोणी लिहिले, कोणत्या स्टुडिओसाठी, साधारण कोणत्या वर्षी, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. एका गाण्याची पूर्ण पाने जरी मिळाली, तरी उद्याचा एखादा तरुण वाद्यवृंद ते गाणे जसे घडले तसे पुन्हा वाजवू शकेल, आणि निवेदक त्या संध्याकाळी आणखी एक नाव घेऊ शकेल.